खांद्यावरची पिन

घरातून निघताना कुलूप, किल्ली, पाकीट सगळे आपण दोनदा पाहतो. खांद्यावरची पिन मात्र एकदा लावली की लावली! मग नवरात्रात मोहटादेवीच्या गर्दीत, पाथर्डीच्या स्टँडवर एसटीत चढताना कुणाची तरी पिशवी पदरात अडकते, वरची दांडी धरायला आपला हात वर जातो आणि खांद्याशी 'टच्' होते. पिन उघडली तर टोक मानेशी, नाही उघडली तर साडी टरकते. कडेवर मूल असले तर मग बघायलाच नको, त्याचा गाल नेमका तिथेच टेकलेला असतो.

आपल्या आज्यांना ही काळजी नव्हती. नऊवारीचा पदर कमरेला खोचला की दिवसभर कामाला मोकळ्या. आजही आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवतात. उसाच्या पानांनी हात कापत नाहीत आणि पदरही जागचा हलत नाही. मला तर ती युक्ती मोठी शहाणपणाची वाटते, पण लग्नकार्याला काही शर्ट घालून जाता येत नाही!

खांद्यावर पदर टाचण्याची तऱ्हा तशी नवीनच. रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी 1860 च्या दशकात पतीबरोबर मुंबईत राहिल्या. तिथल्या पारशी बायकांचे पाहून त्यांनी साडी नेसण्याची वेगळी पद्धत बसवली आणि डाव्या खांद्यावर ब्रूच लावला. आपली पिन म्हणजे त्या ब्रूचची गरीब बहीण. ती शोधली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी. 1849 च्या 10 एप्रिलला त्यांनी पेटंट घेतले. पंधरा डॉलरचे देणे फेडायचे होते म्हणून तार वाकवत बसले, पिन सुचली आणि चारशे डॉलरला हक्क विकून मोकळे झाले, असे सांगतात. (घरी विचारले असते तर बायकोने विकू दिले नसते, असे मला उगीच वाटते.)

पिनेचे सगळे बळ तिच्या वळशात. तो वळसा सुईला सतत बाहेर ढकलतो, म्हणून टोक टोपीत घट्ट बसते. पिन विकत घेताना किंवा जुनी वापरताना आधी उघडून पाहावी. सुई झटकन वर उसळली तर पिन चांगली. मरगळल्यासारखी तिथेच पडून राहिली तर ती खुशाल टाकून द्यावी, मग बाकी कितीही चकचकीत असो. टोपीचे तोंड फाकले असेल तरी तेच.

पण चांगली पिनही उघडते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे हावरेपणा! काठपदराच्या साडीच्या सात निऱ्या, वर ब्लाऊजचा खांदा, हे सगळे एका बारक्या पिनेत कोंबले की टोक टोपीत पुरते जातच नाही. त्याऐवजी दोन पिना घ्याव्यात. एकीने निऱ्या आपसात टाचाव्यात. दुसरीने, ब्लाऊजच्या आतून, फक्त खालची एक-दोन पदरे ब्लाऊजला धरावीत. सुई कापडातून एकदा आत-बाहेर काढून पुन्हा एकदा टोचली की कापड सरकत नाही.

स्कॉटलंडचे पुरुष किल्ट नावाचा चुणीदार लोकरी घागरा घालतात. त्याच्या पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्याशी एक मोठी पिन असते. दोन थर जोडण्यासाठी असेल, असे कुणालाही वाटेल. पण ती फक्त वरच्या थरातून लावायची असते, वजनाने कापड खाली बसावे म्हणून. दोन्ही थर टाचले तर चालताना ओढ बसून कापड फाटते. घागरा सांभाळायला कमरेचे पट्टे असतातच. आपलेही तसेच आहे. साडी पेलायची ती परकराच्या नाडीने आणि नीट खोचलेल्या निऱ्यांनी; पिनेने पदराला जागा दाखवायची, एवढेच. म्हणून पिन लावताना डावा हात पुरता वर करून पाहावा. खांद्याशी ताण बसला तर पिन काढून थोडे सैल घेऊन पुन्हा लावावी. एसटीत तो हात वर जाणारच आहे!

तलम साडी पिनेच्या वळशात अडकून फाटते. पिन उघडून सुईत एक लहानसा मणी ओवावा आणि वळशापाशी सरकवून ठेवावा. कापड तिथवर पोचतच नाही. जाड काठातून सुई जात नसेल तर टोक साबणाच्या वडीत खुपसून घ्यावे. आणि घामाने गंजलेली पिन रेशमाला लावूच नये, डाग जन्मात जात नाही.

मढीच्या यात्रेला जाताना काहीजणी मंगळसूत्र ब्लाऊजला टाचून घेतात. चोराने हिसका मारला तर पिन काय टिकणार? फाटते ते ब्लाऊज आणि सोलवटते ती मान. सोने घरी ठेवून काळी पोत घालून जावे हेच बरे.

आता शेवटची आणि सर्वांत जपण्याची गोष्ट. मंगळसूत्रात, बांगडीत अडकवलेल्या पिना तान्ह्या मुलांच्या हाताला अगदी सहज लागतात, आणि हाताला लागले ते तोंडात गेलेच. अमेरिकेतले डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन यांनी लोकांच्या घशातून, श्वासनलिकेतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात ठेवल्या आहेत, त्यांत सेफ्टीपिना आहेत. पिन गिळल्याचा नुसता संशय आला तरी केळे चारू नये, भाताचा गोळा देऊ नये, बोट घालून ओकारी काढू नये. खायला-प्यायला काहीही न देता मुलाला तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. एक्स-रेत पिन दिसते, आणि उघडी पिन अन्ननलिकेत अडकली असेल तर ती दुर्बिणीने लवकरात लवकर काढावी लागते.

शाळेत गॅदरिंगच्या दिवशी मुलींना साड्या नेसवताना मी पिना मोजून देते आणि मोजून परत घेते. कार्टी कंटाळतात, "बाई, एका पिनेसाठी काय!" म्हणतात. पण एक जरी कमी भरली तरी सतरंजी झाडल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही. घरी रिकाम्या पावडरच्या डब्यात सगळ्या पिना, एकजात मिटलेल्या, आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर.