शिलाईची वही

मोटार अपघाताच्या दाव्यात उलटतपासाला उभा राहिलेला नवरा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो. "पत्नी काय करायची?" असं विचारलं की तो म्हणतो, "काही नाही साहेब, घरीच असायची." इतक्या वर्षांच्या वकिलीनंतरही ते ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो. विमा कंपनीच्या वकिलाला तेवढं पुरतं.

म्हणून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट हे सगळं क्लार्कवर सोपवून मी मयताच्या घरी जाते. ट्रकच्या धडकेत गेलेल्या ३८ वर्षांच्या एका बाईच्या शिलाई मशीनच्या खणात मला दोनशे पानी वही सापडली. 'छाती ३४, बाही ९, पाठीला नाडी. १०० जमा, ८० बाकी.' शेवटच्या पानावर तीन ब्लाउज, पुढे 'सोमवारी'. घडीत खडूची पूड. तिच्या सासूबाईंनी वही पदराने पुसून माझ्या हातात दिली. अशी वही आहे हे नवऱ्याला माहीतच नव्हतं.

दोन गिऱ्हाइकांनी येऊन साक्ष दिली. महिन्याचं उत्पन्न ९,००० रुपये धरलं गेलं. पुढचं गणित सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलं आहे. वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. मागे नवरा, दोन मुलं, सासू असे चौघं, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. उरलेल्या वार्षिक रकमेला तिच्या वयानुसार गुणक १५. झाले १७,०१,००० रुपये.

वही नसती तरी शून्य आलं नसतं. गृहिणीच्या कामाचं मोल धरायलाच हवं, हे कीर्ती प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे. पण अंदाजाने धरलेला आकडा फार तोकडा असतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

भरपाईत आणखी एक रक्कम असते: 'लॉस ऑफ इस्टेट' म्हणजे मयताच्या संपदेची हानी. त्यापोटी २०१७ मध्ये १५,००० रुपये ठरले, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. माणूस आयुष्यभर जे साठवणार होता, त्याची ही भरपाई मला तुटपुंजी वाटते आणि ते मी युक्तिवादात दरवेळी म्हणते.

घरात शिवणारी, डबे देणारी, दूध घालणारी बाई असेल तर तिच्या कमाईची नोंद राहावी म्हणून तिचे पैसे तिच्याच नावच्या खात्यात जमा होऊ द्या. आणि ती काय करते असं कुणी विचारलं, तर नीट सांगा.