अर्थ मिळत नाही

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीची वायरिंग ही एक संहिता असते. कोणती तार कोठून निघावी, कोणत्या फ्यूजमधून जावी, कोठे संपावी, हे एका विचाराने ठरलेले असते. त्या संहितेत पुढे बाजारातून आणलेला अलार्म बसवला जातो, तेव्हा जे घडते त्याला आमच्या विषयात प्रक्षेप म्हणतात. मूळ तार मध्येच सोलायची, तिला दुसरी गुंडाळायची, वर काळी चिकटपट्टी लावायची आणि डॅशबोर्डचे झाकण बंद करायचे. प्रक्षेप करणारा आपले नाव मागे ठेवत नाही. गाडी दुसऱ्याच्या हाती जाते आणि पुढच्या वाचकाला मूळ कोणते व मागाहून घातलेले कोणते, हे शोधत बसावे लागते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्याकडे २०१२ सालची मारुती ८०० आहे. घेतली तेव्हाच ती दुसऱ्या हाताची होती. पहिल्या मालकाने एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून तिला अलार्म बसवून घेतला होता. काही वर्षे तो गुण्यागोविंदाने नांदला. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याला दोन विकार जडले. रात्री दोन-तीनच्या सुमारास, आसपास चिटपाखरूही नसताना, सायरन वाजू लागे. आणि अधूनमधून सकाळी किल्ली फिरवली तरी स्टार्टर मूग गिळून बसे.

दुसरा विकार आमच्यापुरता होता, पहिला सगळ्या सोसायटीचा झाला. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सायरनच्या खोक्यावर मात्र ११०-१२० डेसिबल अभिमानाने छापलेले असतात. सोसायटीचे पत्र आले ते वाजवीच होते. पण आम्हांला खरी बोचणी लागली ती खालच्या मजल्यावरच्या काकांच्या एका वाक्याची. ते रागावले नव्हते. सहज म्हणाले, "मॅडम, आता तुमची गाडी ओरडली की मी घड्याळसुद्धा बघत नाही." त्यानंतर आठवड्याभरात शेजारच्या इमारतीपुढे उभ्या असलेल्या एका गाडीची बॅटरी रात्रीतून कोणीतरी काढून नेली. तिचाही सायरन वाजला होता, थोडा वेळ वाजून थांबला. ज्यांना ज्यांना जाग आली, त्या सर्वांनी तो आमचाच समजून कूस बदलली. "लांडगा आला रे" ही गोष्ट आपण शाळेत मुलाच्या खोटेपणाची म्हणून शिकतो. तिची दुसरी बाजू अशी, की एका मेंढपाळाच्या आरोळीतला अर्थ गेला की सगळ्या गावाच्या आरोळ्यांतला जातो.

अलार्म काढून टाकणे सोपे होते. पण दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय काढलेली गोष्ट अर्धवट निघते आणि उरलेल्या सोललेल्या तारा आणखी घोळ घालतात. म्हणून आम्ही एका जाणत्या वायरमनकडे गेलो. त्यांनी डॅशबोर्डखाली डोके घातले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "सर, करंट येतोय, पण अर्थ मिळत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. वर्गात रोज म्हणावेसे वाटणारे वाक्य कोणी इतक्या नेमकेपणाने म्हटले नव्हते. इंग्रजी शब्दाचे हे मराठी रूप आपल्या तत्सम 'अर्थ'शी उच्चारात अगदी एकजीव झाले आहे. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा लागत नाहीत. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते आणि वीज त्या सांगाड्यातूनच परत फिरते. हा सांगाडा म्हणजे अर्थ, गाडीतले शून्य. बारा व्होल्ट म्हणजे या शून्यापासून बारा. शून्य कोणते मानायचे हाही संकेतच आहे; १९६० च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. एकदा मानलेले शून्य मात्र सगळ्यांसाठी एकच असावे लागते.

पुढचे काही दिवस आम्ही जे पाहिले ते पाठचिकित्सेहून फार वेगळे नव्हते. पहिला नियम, रंगावर विश्वास ठेवायचा नाही. अलार्मच्या पेटीतून निघणाऱ्या तारांचे रंग सर्व उत्पादकांत सारखे नसतात. एकाकडची निळी तार दाराची, तर दुसऱ्याकडची कुलपाची. सोस्यूरचा यादृच्छिक संकेत शिकवताना आम्ही झाडाचे उदाहरण देत आलो; यापुढे तारेचे देऊ. तार कोणती हे तिचा रंग सांगत नाही; ती कोठे जाते आणि दार उघडल्यावर कशी वागते, यावरून ते ठरते. आमच्या गाडीत दार उघडले की खटका तारेला सांगाड्याशी जोडतो. म्हणजे 'दार उघडले' हा निरोप वीज पाठवून नव्हे, तर शून्याला टेकवून दिला जातो. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे काहीच कळत नाही.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल. पहिल्या रात्री धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची जोडणी काढली, सायरन वाजलाच. दुसऱ्या रात्री बॉनेटचा खटका वेगळा केला. पावसाळ्यात त्यात पाणी शिरून खोटा निरोप जाण्याची शक्यता असते, पण तोही निर्दोष ठरला. मग दारांची पाळी. बॅटरी दुबळी असली तरी अलार्म भांबावतो, म्हणून तीही तपासली. स्थिर व्होल्टेज १२.६ भरले, म्हणजे उत्तम. ऋण टोक सोडवून मध्ये मीटर लावला, तेव्हा अलार्म चालू ठेवून उभ्या गाडीत ३० मिलिअँपिअर वीज जात होती. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्याने रिकामी व्हायला दीड महिना लागेल. तीही सुटली. दोन्ही नियम पाळणारा माणूस हळू चालतो. पण चार गोष्टी एकदम बदलून सायरन थांबला असता, तर तो कशाने थांबला हे कोणालाच सांगता आले नसते.

तिसरा नियम वायरमननी दाखवला, आणि तो आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. मीटरने पाहिले तर अलार्मच्या पेटीशी बारा व्होल्ट व्यवस्थित दिसत होते. त्यांनी मीटर बाजूला ठेवून त्याच दोन तारांवर बारा व्होल्टचा साधा बल्ब लावला. तो मिणमिणला. मीटर जवळजवळ काहीच वीज मागत नाही, म्हणून गंजलेल्या सांध्यातूनही त्याला पूर्ण आकडा दिसतो. बल्ब काम मागतो, आणि काम मागितले की सांध्याचे खरे बळ कळते. नुसते विचारल्यावर सर्व ठीक आहे असे सांगणारी जोडणी भार पडताच खचते, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

मग पेटीच्या काळ्या तारेचा माग काढला. ती डॅशबोर्डखालच्या एका रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेली होती. रंग वीज वाहू देत नाही. जो संपर्क होता तो स्क्रूच्या आट्यांपुरता, आणि त्यांवर ओलाव्याने गंज चढलेला. सायरनची परतीची तारही तेथेच बांधलेली. रात्रीच्या गारव्यात तो संपर्क क्षणभर सुटे. पेटीला वाटे, कोणी बॅटरीच काढली. संपर्क परत येताच ती आकांत करी, कारण चोराने बॅटरी काढून पुन्हा जोडली तरी गप्प राहायचे नाही, असेच तिला शिकवलेले असते. एकदा सायरन वाजू लागला की त्याची वीज त्याच दुबळ्या सांध्यातून परते. त्या वेळी काळी तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मीटर लावला, तर दोन व्होल्टांहून अधिक भरले. ते दशांश-दोन दशांशांच्या आत हवे. म्हणजे पेटीचे शून्य वर सरकलेले होते. दार, खटका, सेन्सर यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. ज्या पायावरून त्यांचे म्हणणे मोजायचे तो पायाच हलत होता.

स्टार्टरचे दुखणे वेगळे निघाले. अलार्मच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७अ असे जर्मन प्रमाणातले आकडे असतात. स्टार्टरची मूळ तार कापून तिची दोन टोके ३० आणि ८७अ यांना जोडली होती, ती बरोबरच. पण नुसती पिळून. चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यांत वितळून सांधा सैल पडला होता. वायरमननी विचारले, डाग देऊन पक्के करू की काढून टाकू? आम्ही ती तार पूर्ववत जोडून घेतली. काळ्या तारेसाठी सांगाड्यावरचा रंग खरवडून, पितळी टोक बसवून, वर ग्रीस लावले. काम वीस मिनिटांचे.

त्यानंतर सायरन विनाकारण वाजलेला नाही. काकांना आम्ही तसे सांगून आलो आणि विनंती केली, की आता वाजला तर कृपा करून खिडकीशी या. ते हसले, "बघू," म्हणाले. वीस मिनिटांत सांधा पक्का होतो. त्या "बघू"ला किती पावसाळे लागतील, सांगता येत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. आमचे काम त्याच्या पासंगालाही पुरणारे नाही; पण एक कागद आम्ही केला आहे. कोणती तार कोठून निघते, कोठे जोडली आहे, काय काढून टाकले आणि कोणत्या तारखेला, हे सर्व त्यावर मराठीत लिहून तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. गाडी कधी तिसऱ्या हाती गेली, तर कागदही तिच्याबरोबर जाईल.