तिसरी प्रत मुंबईला

मृगाला आठवडा उरला की मंडणगडातला हा फोटोग्राफर दुकानाचं शटर अर्धं ओढतो आणि टॉर्च काढतो. लेन्सची दोन्ही झाकणं काढायची, मागून टॉर्च मारायचा, पुढून तिरकं बघायचं. काचेत कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे दिसले, तर फंगस लागला. तो आतल्या भिंगावर असतो, बाहेरून कितीही पुसला तरी जात नाही. फार दिवस राहिला तर काचेवरचा लेपही खातो. मग लेन्स उघडून साफ केली तरी डाग उरतोच.

मंडणगड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं उत्तर टोक. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला फावतं, आणि इथे सबंध पावसाळा त्याहून ओला. विजेवर चालणारं कोरडं कपाट चांगलंच, पण पावसात वीज जाते ती कधी कधी दोन दिवस येत नाही. म्हणून त्याच्याकडे रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आहे. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. त्याहून फार कोरडं झालं तर रबर आणि वंगण सुकतं. पूर्वी तो डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायचा. त्याची पूड लेन्सच्या खाचांत शिरली, शिवाय ओल धरलेल्या तांदळालाच बुरशी आली. आता जेलचे केशरी दाणे हिरवे पडले की स्वयंपाकातून काढलेल्या तव्यावर मंद आचेवर ते पुन्हा केशरी करून घेतो. आणि कॅमेरा बॅगेत ठेवून पावसाळा काढायचा नाही, हे तो प्रत्येक नव्या पोराला बजावतो. बॅगेचं अस्तर ओल धरून बसतं.

किनाऱ्यावरच्या वेळास गावात त्रास वेगळा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी. फ्लॅश मारायचा नाही, कारण पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात. किनाऱ्यावर लेन्स बदलायचीही नाही. घरी आल्यावर आधी फुंकणीने रेती उडवायची, मग ओलसर फडक्याने खार टिपायचा, शेवटी कोरडं फडकं. हा क्रम चुकला की रेतीचा कण काचेवर चरा ओढतो. एसी गाडीतून थेट समुद्राच्या हवेत कॅमेरा काढला तर त्यावर पाणी धरतं. अर्धा तास बंद पिशवीत ठेवून त्याला बाहेरच्या उष्णतेची सवय होऊ द्यावी लागते.

कॅमेरा अडला की त्याची तपासणी ठरलेली. बॅटरी काढून तिची टोकं पुसायची. दुसरं कार्ड घालून बघायचं. लेन्स उतरवून तिचे सोनेरी ठिपके मऊ कोरड्या कापडाने पुसायचे, कारण खाऱ्या हवेचा पापुद्रा तिथे बसला की कॅमेऱ्याला लेन्स ओळखूच येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. कार्ड ‘लॉक’ आहे असं सांगत असेल तर बाजूची इवलीशी सरकपट्टी बघायची. ती झिजून आपोआप खाली येते.

एका लग्नात हळदीचे सगळे फोटो घेतल्यावर कॅमेरा म्हणाला, कार्डात एकही फोटो नाही. मुलीचे आजोबा त्या दिवशी शेवटचे उभे राहिले होते, त्यांचे फोटो त्यातच. त्याने कॅमेरा बंद केला, कार्ड काढलं, लॉक केलं आणि खिशात ठेवलं. त्या कार्डावर आणखी एकही फोटो घेतला नाही, हेच त्याला वाचवून गेलं. कार्ड बिघडतं तेव्हा बहुतेकदा फोटो कुठे आहेत याची नोंद जाते. फोटो जागेवरच असतात, जोवर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. रात्री फोटोरेक या मोफत प्रोग्रामने कार्ड वाचलं. फाइलींची नावं गेली, काही जेपेग अर्धे राखाडी निघाले, पण आजोबा पूर्ण मिळाले. मधूनच आधीच्या एका बारशाचेही फोटो बाहेर आले, कारण साध्या फॉरमॅटने जुनं पुसलं जात नाही.

खरा धडा ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ सावित्री नदीपलीकडे श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि अलीकडे मंडणगड-दापोलीतही कौलं, पत्रे, सुपारीच्या बागा घेऊन गेलं. फोटोग्राफरकडे फोटोंच्या दोन प्रती होत्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, पण एकाच फळीवर. वरचा पत्रा उडाला आणि दोन्ही एकदमच भिजल्या. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूणच्या पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली, तेव्हा त्याला स्वतःची ती फळीच आठवली.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी एक हिशेब रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. इंटरनेटवर सगळं चढवायचं तर इथलं नेटवर्क एका लग्नाला आठवडा घेतं, म्हणून रात्रभर फक्त निवडक फोटो चढतात. दुसऱ्या जागेची सोय मात्र कोकणात कधीपासूनच आहे. इथल्या घराघरातलं कुणीतरी मुंबईत असतं.

गणपती विसर्जनानंतर चुलतभाऊ परळला निघाला की ताजी डिस्क त्याच्या बॅगेत जाते. शिमग्याला तो आधीची डिस्क परत आणतो. आलेली डिस्क लावून फोटोग्राफर दहा-वीस फोटो पूर्ण आकारात उघडून बघतो. नुसती नावं दिसली म्हणजे फोटो आहेत, असं धरत नाही. डिस्कवर पांढऱ्या पट्टीवर तारीख, खाली गावांची नावं: वेळास, बाणकोट, आंबडवे. मग प्लास्टिकच्या दोन पिशव्या, त्यावर जुना टॉवेल, आणि मुंबईच्या एसटीत सीटखाली नाही, मांडीवर.