मोजणीपूर्वीचे निर्णय

सामाजिक शास्त्रांतील प्रबंधात संशोधनपद्धतीचे प्रकरण पुष्कळदा उपचार म्हणून लिहिले जाते. मुलाखती किती घेतल्या, प्रश्नावली कशी भरून घेतली एवढे नोंदवले की अभ्यासक निष्कर्षांकडे वळतो. वास्तविक निष्कर्षाचा मोठा भाग त्याच प्रकरणात ठरलेला असतो, कारण काय मोजायचे, कोणत्या घटकात मोजायचे आणि कोणाला विचारायचे हे निर्णय पहिला आकडा हाती येण्याआधीच झालेले असतात. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात हे विशेष स्पष्टपणे दिसते, कारण येथे मोजणीचा घटक कोणता असावा या प्रश्नाशी माणसे कोणत्या राज्यात राहणार हा प्रश्न थेट जोडलेला आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन चंदगड वगळता बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. जिल्हा हा घटक मानला तर या प्रदेशात कन्नड भाषकांची बहुसंख्या दिसते. खेडे हा घटक मानला तर त्याच जनगणनेच्या तक्त्यांतून मराठी बहुसंख्येची अनेक गावे पुढे येतात. आंध्र व मद्रास यांच्या सीमावादात खेडे हा घटक आणि भौगोलिक सलगता यांवर आधारलेले पाटसकर सूत्र वापरले गेले होते आणि महाराष्ट्राने त्याच तत्त्वाचा आग्रह धरला. 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढल्या वर्षी दिलेल्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांसह 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच राहावे, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राला मान्य झाली नाही आणि 2004 साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आकडे तेच राहून घटक बदलल्याने उत्तर बदलते, तेव्हा योग्य घटक कोणता हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ती निवड न्यायाच्या कल्पनेतून येते, म्हणून तिचे समर्थनही उघडपणे करावे लागते.

घटक ठरला तरी मोजायच्या वस्तूचा प्रश्न उरतो. जनगणना प्रत्येक माणसाच्या नावापुढे एकच मातृभाषा लिहिते, मात्र घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा वापरणाऱ्या माणसाचे व्यवहार त्या रकान्यात मावत नाहीत. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला, तो या उणिवेवर प्रकाश टाकतो. तेथील कन्नड, मराठी आणि उर्दू बोलींचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की एका बोलीतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते, असे त्यांनी मांडले. हे दिसण्यासाठी प्रत्यक्ष संभाषणे ऐकावी लागली. कितीही मोठ्या प्रश्नावलीतून ते निघाले नसते. मात्र एका गावातील निरीक्षण किती दूरवर आणि किती काळ लागू पडते हे त्या निरीक्षणातून कळत नाही, आणि म्हणूनच सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनंतर कुपवाडच्या बोलींचा पुन्हा अभ्यास करून त्या प्रारूपाची केलेली चिकित्सा मोलाची ठरते. पुनरभ्यासाला आपल्याकडे अजून दुय्यम मानले जाते. ही वृत्ती बदलली पाहिजे.

निपाणीतील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत प्रश्नाची शब्दरचनाच निर्णायक ठरते. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान सोसणाऱ्या स्त्रीबद्दल ‘ती काम करते का?’ असे कुटुंबप्रमुखाला विचारले तर ‘घरीच असते’ असे उत्तर येणे सहज शक्य आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या तासांची नोंद घेणारी वेळवापर पाहणी, जी 2019 मध्ये देशभर झाली, हे श्रम अधिक चांगले टिपते. परंतु वखारीतील मुकादमाची भीती किंवा संघटनेत आल्यावर वाटणारा आधार तासांच्या तक्त्यात उतरत नाही, त्यासाठी दीर्घ सहवास आणि विश्वास लागतो. युगांतर या गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर 1982 मध्ये केलेला चित्रपट याच कारणासाठी संशोधकानेही पाहावा.

यावरून संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतींत श्रेष्ठ कोणती हा वाद निष्फळ ठरतो. पद्धतीचे परीक्षण दोन अंगांनी करावे लागते. एक विश्वसनीयतेचे, म्हणजे दुसऱ्या अभ्यासकाने तीच कृती केली तर तेच उत्तर येईल का. दुसरे सप्रमाणतेचे, म्हणजे जे मोजायचे ठरवले तेच मोजले गेले का. सीमाभागात मराठी प्रश्नावली घेऊन मराठी प्रश्नकर्ता दारात उभा राहिला की उत्तरावर त्याची छाया पडू शकते, आणि तेच कन्नड प्रश्नकर्त्याबाबतही खरे आहे. अशी पाहणी पुन्हा पुन्हा एकच उत्तर देऊ शकेल, म्हणजे ती विश्वसनीय ठरेल, तरीही सप्रमाण असेलच असे नाही.

म्हणून पद्धत निवडताना अभ्यासकाने स्वतःला एक कठोर प्रश्न विचारावा: आपले अनुमान चुकीचे असते, तर ते या पद्धतीतून उघड झाले असते का? उत्तर नकारार्थी असेल तर पाहणीचा आकार वाढवून उपयोग नाही, रचना बदलली पाहिजे. ज्या प्रदेशात प्रत्येक आकडा एखाद्या बाजूचे शस्त्र होऊ शकतो, तेथे घटक, प्रश्न आणि प्रश्नकर्ता यांविषयीचे निर्णय प्रतिपक्षालाही तपासता येतील इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवणे हे अभ्यासकाचे त्या माणसांप्रती असलेले पहिले कर्तव्य आहे.