पहाटे पाचचा डंप

प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमवर खिडकी आपोआप उघडत नाही. माउसचं उजवं बटण दाबायचं, मेनूतून 'न्यू' निवडायचं आणि पडद्यावर वाफा आखावा तसा हवा तेवढा चौकोन ओढायचा. तेवढी जागा आपली. तिथे मजकूर उमटू लागला आणि खिडकी भरली की पुढचं सगळं थांबून राहतं. आपण खाली सरकलो की मगच पुढे. पळत्या मजकुरामागे डोळे धाववायची सवय असलेल्याला हा आधी बिघाड वाटतो. नंतर आवडायला लागतो. वाचणाऱ्यासाठी खोळंबणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

यासाठी मी एक जुना थिंकपॅड जपून ठेवलाय, केवळ त्याला माउसची तीन बटणं आहेत म्हणून. मधल्या बटणावाचून इथे पान हलत नाही.

युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमध्ये, न्यू जर्सीतल्या मरे हिलला, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केन थॉम्पसन, रॉब पाइक आणि त्यांच्या सोबत्यांनी हा डाव नव्याने मांडला. नाव घेतलं एड वूडच्या सिनेमावरून, जगातला सर्वांत वाईट म्हणून ज्याची ख्याती आहे त्या. आपल्या कामाला असं नाव ठेवायला अंगात केवढी ऐट हवी! टेबलावरच्या मशिनने फक्त पडदा आणि कळफलक सांभाळायचा, जड काम दुसऱ्या मशिनने करायचं, फायली तिसऱ्याकडे. माउस, पडदा, नेटवर्क, सगळं फाइल म्हणूनच समोर येतं. आणि प्रत्येक खिडकीला फायलींचं आपलं वेगळं जग असू शकतं. कुठली डिरेक्टरी कुठे दिसावी हे त्या खिडकीपुरतं आपण ठरवायचं.

पण मी रमतो तो डंपमध्ये. लॅबच्या फाइल सर्व्हरला ३५० गिगाबाइटचा ऑप्टिकल डिस्कचा साठा जोडलेला होता, एकदा लिहिलं की पुसता न येणारा. रोज पहाटे पाचला साऱ्या फायलींचं त्या क्षणाचं रूप आपोआप त्यात जायचं. मग वर्षाची डिरेक्टरी, तिच्यात महिना-तारखेची, आणि तिच्यात त्या दिवशीचं अख्खं घर, जिथल्या तिथे. परवानग्यासुद्धा तेव्हाच्याच: त्या दिवशी जी फाइल मला बंद होती ती आजही बंद. 'यस्टरडे' नावाची आज्ञा कालच्या फाइलचा पत्ता सांगते. विचारलं तर काल आणि आज यांतला फरकही दाखवते.

खरी गंमत पुढे आहे. एका खिडकीत जुन्या तारखेची लायब्ररी आजच्या लायब्ररीवर पांघरायची आणि प्रोग्रॅम त्या दिवशीसारखा बांधून पाहायचा. शेजारच्या खिडकीत आजचीच तारीख चालू असते, तिला पत्ताही लागत नाही. इथे भूतकाळात जायला नुसतं डिरेक्टरी बदलणारं 'सीडी' म्हणावं लागतं. अर्थात लाज वाटावी असे मसुदेही तिथे पडून असतात. असोत बापडे.

१९९२मध्ये ही प्रणाली विद्यापीठांना मिळाली, १९९५मध्ये विक्रीला आली, २०००मध्ये खुली झाली. तोवर जगाने युनिक्सवर भागवून घेतलं होतं, आणि भागतंय म्हटल्यावर घर कोण बदलतो? तरी तिचे तुकडे सगळीकडे पोचले. सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, ताटाखालच्या कागदावर थॉम्पसन आणि पाइक यांनी यूटीएफ-८ची आखणी केली आणि काही दिवसांतच सारं प्लॅन नाइन त्यावर आणलं. आज वेबवर उमटणारं देवनागरी अक्षर बहुधा त्याच आखणीतल्या तीन बाइटांवर उभं असतं. विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्यांच्या फायलीही विंडोज आणि लिनक्स यांच्यात ये-जा करतात त्या प्लॅन नाइनच्याच नाइनपी प्रोटोकॉलवरून.

माझ्या नोकरीच्या ठिकाणी मात्र कालची फाइल हवी असली तर अर्ज करावा लागतो. दोन-तीन दिवसांनी फोन येतो, आणि पलीकडून विचारतात, फाइल नक्की कधीची होती म्हणालात?