अंगणातली उंबरखिंड

दिवाळीत किल्ला करायचा तो फार तर दहावीपर्यंत, असा आमच्या भिवपुरीचा अलिखित नियम आहे. मिसरूड फुटलेल्या मुलाने चिखलात हात घातले की शेजारपाजारचे हसतात. गेल्या दिवाळीत मी, वय वर्षे एकोणीस, एस. वाय.ला इतिहास घेतलेला, अंगणात चिखल तुडवीत होतो आणि आळी हसत होती. त्यातून मी करीत होतो तो किल्लाही नव्हता. मी उंबरखिंड करीत होतो.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याने चावणीकडे गेले की अंबा नदीच्या काठी या लढाईचे स्मारक लागते. म्हणजे आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातच. १६६० साली शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला आणि कोकण जिंकण्यासाठी त्याने कारतलबखानाला घाटाखाली धाडले. खानाने बोरघाटाची वाट टाळली आणि लोणावळ्याच्या दक्षिणेकडून, कुरवंडे घाटाने तो उतरला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी महाराजांनी त्याला खिंडीत पुढून आणि मागून कोंडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात ही हकीकत आली आहे. प्रतापगड, पन्हाळा पोरासोरांना पाठ असतात, पण आमच्या उंबरठ्यावरच्या या लढाईचे नाव वर्गातही फारसे कुणी घेत नाही. मला वाटते, तिला तट नाही, बुरूज नाही, म्हणून ती दिवाळीच्या अंगणातही आली नाही.

किल्ला करताना दगडविटा रचून वर जायचे असते. खिंड करायची म्हणजे मधली पोकळी करायची, आणि हे काम त्याहून अवघड. दोन्ही बाजूंना विटांचे उतार रचले, त्यांवर चिखलात बुचकळलेली गोणपाटे पसरली आणि दाट अळीव पेरला. अळीव चार बोटे वाढला की मातीच्या शिपायाला तो रानासारखा डोक्यावरून जातो.

खरी अडचण शिपायांची. कर्जतच्या बाजारात सिंहासनावरचे महाराज मिळतात, मावळे मिळतात, तुतारीवाला मिळतो, वाघ आणि गवळणही मिळते. शत्रू मात्र विकत मिळत नाही! खानाची सगळी फौज मला शेतातल्या चिकणमातीची घरीच करावी लागली. एच. जी. वेल्ससारखा नामांकित लेखक खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया जमिनीवर मांडीत असे आणि १९१३ साली त्याने त्या खेळाच्या नियमांचे पुस्तकही काढले, हे मी आळीतल्या लोकांना सांगून पाहिले. परिणाम शून्य.

खानाबरोबर रायबागन होती. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही बाई मोगलांकडून लढत असे, आणि खिंडीत सापडल्यावर शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच खानाला दिला. तिच्यासाठी मी बाजारातली गवळण आणली, डोक्यावरचा हंडा कानशीने घासून काढला आणि तिला मातीच्या घोड्यावर बसवले. साऱ्या मांडणीत तीच मला अधिक आवडली.

वडील पडवीतून हे सारे पाहत होते. त्यांची शाळा चौथीत सुटली. माझ्या अभ्यासाविषयी ते कधी काही विचारीत नाहीत. फीचे पैसे हातावर ठेवतात आणि उठून जातात. संध्याकाळी ते जवळ येऊन उकिडवे बसले. ओल्या शिपायांची रांग उतारावर उभी होती.

“हे घाट उतरतायत ना?”

“हो, बाबा.”

“ओझं आहे?”

“आहे. तोफा, तंबू, दाणागोटा.”

“मग माना खाली कर त्यांच्या. वझं घेऊन घाट उतरताना मानूस पायाखाली बघतो. वर कोन बघतंय?”

लहानपणी ते आजोबांबरोबर कुसूर घाटाने मावळात जात आणि भाताची गोणी पाठीवर घेऊन उतरत. गुडघे कसे लटपटतात, पुढच्याच्या टाचेवर नजर कशी खिळते, तहान लागली तरी थांबता का येत नाही, कारण मागचा अंगावर येतो, हे सगळे ते त्या संध्याकाळी सांगत राहिले. इतके बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. एवढी मोठी फौज आंधळेपणाने खिंडीत कशी शिरली, हा प्रश्न मला पुस्तक वाचताना पडला होता. माती ओली होती. आम्ही दोघांनी मिळून एकेका शिपायाची मान वाकवली.

फोटोसाठी पहाट धरली. आमच्याकडे सूर्य सह्याद्रीच्या भिंतीआडून उशिरा वर येतो, त्यामुळे सावल्या न पाडणारा मऊ उजेड बराच वेळ मिळतो. वरून काढलेल्या फोटोत सगळेच दिसते, मावळे कुठे दडलेत तेही. तो नकाशा होतो. म्हणून मी पालथा पडलो आणि मोबाइल उलटा धरला, म्हणजे भिंग थेट जमिनीला टेकते. मागे अंगणाबाहेरचा खरा डोंगर घेतला. त्या डोंगरावरून वीजघराचे पाइप उतरतात. ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ पासून इथे वीज होते. ते पाइप अळिवाआड दडवण्यात अर्धा तास गेला. एका बाजूला ओल्या गवताचा धूर केला, दुसरीकडून आईचे परात धरून उजेड वळवला.

निघालेल्या फोटोत वाकलेल्या माना, घोड्यावरची रायबागन आणि दोन्हीकडे नुसते रान आहे. एकही मावळा दिसत नाही. चाळीस मावळे त्या अळिवात उभे आहेत, हे मला ठाऊक आहे.

वडिलांनी मोबाइल बराच वेळ हातात धरला. मग विचारले, “पुढं काय झालं यांचं?”

“खानानं अभय मागितलं. महाराजांनी सोडलं. सगळं सामान इथंच टाकून परत गेले.”

“मंग चढताना हलके गेले असतील,” ते म्हणाले, आणि बैल सोडायला गेले.