सीताफळाचं माहेर

आमच्या घरी गौरी बसतात तेव्हा त्यांच्यापुढे लाकडी फळांची एक परडी मांडायची रीत आहे. आंबा, दोन केळी, पेरू, चिक्कू, डाळिंब आणि एक सीताफळ. यातली काही फळं आईच्या वडिलांनी फार पूर्वी सावंतवाडीहून आणलेली. काही 2004 साली आमच्या लग्नात रुखवतावर आलेली, ती गोकाकची, कारण आमच्या सौभाग्यवतींचं माहेर गोकाक. वीस वर्षांत दोन्हीकडची फळं एकाच परडीत अशी मिसळली की कुठलं कोणाचं ते आता कुणाला सांगता येत नाही. आंबा आणि चिक्कू यांच्यावर कुणाचा दावा नाही. पण सीताफळ देखणं आहे. प्रत्येक डोळा वेगळा कोरलेला, त्यांच्या फटीत फिकट पोपटी रंग. त्यामुळे दर गौरीला आई म्हणते, "हे माझ्या बाबांनी आणलेलं," आणि सासूबाई आलेल्या असल्या तर म्हणतात, "इदु नम्मूरिंदु!" आमच्या घरचा सीमाप्रश्न तो एवढाच, आणि तोही सुटलेला नाही.

2024 च्या गौरीला परडी काढली तर सीताफळाचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता आणि एक केळं उभं चिरलं होतं. लेकीने फोनवर शोधून दाखवलं, बारा फळांचा संच, दोनशे नव्याण्णव रुपये, घरपोच. प्राध्यापकाच्या घरात असा आकडा ऐकला की विचार करायचं कारण उरत नाही. मी म्हटलं, मागव. तिसऱ्या दिवशी खोकं आलं. फळं फुग्यासारखी हलकी, आणि केळ्याला रॉकेलसारखा वास. आईने एक सफरचंद हातात घेतलं, पुन्हा खोक्यात ठेवलं आणि काहीच बोलली नाही. आमची आई काही बोलली नाही की घरात सगळ्यांना ऐकू येतं.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सावंतवाडीला निघालो. परडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर. आईचे गुडघे घाट सोसत नाहीत म्हणून ती घरीच राहिली, पण यादी तिने दिली: तीन पायांचा पोळपाट ("इथले डुगडुगतात"), एक रवी, आमसुलं. सासूबाई मात्र आदल्या दिवशीच गोकाकहून येऊन बसल्या होत्या. सोबत वाटेत खायला करदंटचा डबा. "मास्तर, खरं काय ते तिथंच कळंल," असं म्हणून त्या पुढच्या सीटवर बसल्या. आम्ही मागे.

वेंगुर्ला रस्ता आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. हिंडलगा झालं, बाची सोडली की शिनोळीला राज्य बदलतं, पाट्या बदलतात, मग पाटणे फाटा. आंबोलीपर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. आंबोलीत थांबलो ते हिरण्यकेशीसाठी. गुहेतून निघणारं ते पाणी सासूबाईंनी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि लेकीला भूगोल शिकवला, कुठल्याही पुस्तकापेक्षा बरा. ही नदी इथून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा गोकाकला कड्यावरून उडी घेते. म्हणजे सावंतवाडीच्या डोक्यावर पडलेला पाऊस गोकाकला जातो. सासूबाईंच्या मते सीताफळाचा निकाल तिथेच लागला होता.

घाट उतरून दाणोली मागे टाकली की हवा बदलते. सावंतवाडी गाव मोती तलावाभोवती बसलेलं आहे. काठावर राजवाडा, आणि तलावापासून फार लांब नाही ती चितारआळी. चितारी म्हणजे रंगवणारे. लाकूड कातायचं, घासायचं, त्यावर पांढरा थर द्यायचा, रंगवायचं, वर लाखेची झिलई चढवायची, हा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. पूर्वीपासून वापरात असलेलं लाकूड पांगाऱ्याचं. कोकणात कुंपणाला लावतात तो काटेरी, लाल फुलांचा पांगारा. हलका आणि कोरायला मऊ. आता आंब्याचं आणि इतरही लाकूड चालतं. दुकानांतून फळं, भाज्या, भातुकली, भोवरे, पाळणे, करंडे, पाट-चौरंग नुसते लगडलेले असतात.

इथे सासूबाईंना अवसान चढलं. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी दोन्ही भाषा चालतात, त्यांना ही गंमत ठाऊक असेल. मराठीत 'चौकशी' म्हणजे विचारपूस, कन्नडमध्ये 'चौकाशी' म्हणजे घासाघीस. आमच्या सासूबाई दोन्ही एकदम करतात. दुकानदाराचं गाव, मुलं, मुलीचं स्थळ हे विचारत विचारत त्यांनी साडेतीनशेचा पोळपाट दोनशे ऐंशीवर आणला. मध्येच आमच्याकडे वळून "भाळ तुट्टी" म्हणायच्या, ते दुकानदारालाही कळत होतं. आमचं जिल्ह्याचं गिऱ्हाईक तिथे जुनं आहे.

फळ दुरुस्त करून मिळेल का म्हणून विचारलं तर दुकानदार हसला. "नवीन घ्या की. रंग काढून परत रंगवायचा त्रास कोण घेतो?" मग जरा थांबून म्हणाला, "मागच्या गल्लीत एक मुलगी आहे. ती दुकानांना माल देत नाही, स्वतःचंच काहीतरी करते. विचारून बघा."

त्याआधी राजवाडा पाहून घेतला, आणि ते बरं झालं, नाहीतर पुढे जे पाहिलं ते कळलं नसतं. तिथल्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याला दशावतारी रूप आलं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, असे एकशेवीस पत्ते. तिघांनी खेळायचं. दिवसा ज्याच्याकडे राम असेल त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णवाल्याने. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. लेक म्हणाली, "बाबा, हे तुमच्या परीक्षेच्या नियमांसारखं आहे."

आपल्या कर्नाटकातही म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांना या पत्त्यांचं वेड होतं, त्यांनी स्वतः नवनवे खेळ रचले. श्रीरंगपट्टणचे रघुपती भट्ट यांनी त्या परंपरेला आपलं आयुष्य दिलं. सावंतवाडीत मात्र ही कला जवळजवळ विझली होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या.

मागच्या गल्लीतली मुलगी असेल पंचविशीची. चित्रकलेचं शिक्षण घेऊन परत आलेली. घराच्या पडवीत बैठं मेज, शिंपल्यांत कालवलेले रंग, दोरीवर वाळत घातलेले गोल पुठ्ठे. कागदावर कागद चिंचोक्याच्या खळीने चिकटवून ती स्वतःच पत्ता तयार करते. तिने आमचं सीताफळ हातात घेतलं, तोललं, तळाशी चाकूच्या टोकाने जरासं खरवडलं. पोपटीखाली गडद हिरवा निघाला, त्याखाली पुन्हा पोपटी, मग पांढरा थर, मग लाकूड.

"तीनदा रंगवलंय," ती म्हणाली.

सासूबाई पुढे सरकल्या. "पण कुठलं? गोकाकचंच ना?"

"आजी, लाकूड हलकं आहे, पांगारा असेल. पण पांढरा थर आमच्याकडे देतात तसा तुमच्याकडेही देत असतील. मला नाही सांगता येणार."

आणि ती ब्रश घेऊन बसली. ऐंशी रुपये सांगितले होते, ते सासूबाईंनी साठ करून घेतले. मला कानकोंडं झालं. सौ. पडवीबाहेरचं तुळशीवृंदावन बघायला लागली. तासभर ती एकेक डोळा रंगवत होती आणि आम्ही तिचं नवं काम बघत होतो.

ते काम म्हणजे बारा गोल पत्त्यांचा एक रंग. अवताराच्या जागी तिने निशाणी घेतली होती कोकमाची. एक्क्यावर एक रातांबा, दुरीवर दोन, असं दहापर्यंत, पण प्रत्येक पत्त्यावर फळाची अवस्था वेगळी: झाडावरचं, फोडलेलं, उन्हात पसरलेलं, बरणीतलं. वजीर परंपरेप्रमाणे घोड्यावर असतो, तिचा वजीर म्हणजे दप्तर पाठीला लावून सायकलवरून निघालेली मुलगी. आणि राजाच्या सिंहासनावर राजा नव्हता. तिथे पाटावर बसून विळीवर नारळ खवणारी एक आजी होती, भोवती महिरप, मागे लोड, थेट दरबारातल्यासारखी. मी पाहत राहिलो. एम.ए.ला सौंदर्यशास्त्राचा पेपर होता मला, त्यात असं काही नव्हतं.

किंमत विचारली. बारा पत्त्यांचे छत्तीसशे. सुटे देत नाही.

"मग विकलं जातं?" सौ.ने विचारलं.

ती हसली. फोटो फोनवरून टाकते, लोक तिथूनच मागवतात. वर्षात असे चार-पाच संच जातात. एक पत्ता धरून चालायचा तर दीड दिवस. सौ.ने मनात हिशेब केला, मला तो तिच्या चेहऱ्यावर दिसला: गवंड्याच्या हाताखालच्या बाईला याहून जास्त रोज मिळतो. "घर यावर नाही चालत, काकी. घर यावर चालतं," म्हणून तिने एक पत्र्याचा डबा उघडला. आत नखाएवढे मासे, कासवं, शंख, चक्रं रंगवलेले लोहचुंबक, फ्रिजला लावायचे, दीडशेला एक. "हे महिन्याला पन्नास-साठ जातात. लोकांना दीडशेचा विचार करावा लागत नाही. याच्यातून मला पत्त्यांना वेळ मिळतो." माझे आजोबा सावंतवाडीहून येताना आणायचे ती भातुकली आणि रव्यासुद्धा असंच काहीतरी सांभाळत असणार, हे मला तेव्हा प्रथमच सुचलं. आम्ही स्वस्त म्हणून घेत होतो, आणि तिकडे कुणीतरी त्या पैशावर दशावतार रंगवत होतं.

ऑनलाइन विक्रीत घासाघीस नसते असा माझा समज होता. तोही तिने काढला. रात्री अकराला निरोप येतो, "लास्ट किती?" पुढे नमस्कार नाही, नाव नाही. "आजींनी निदान माझं जेवण झालं का ते तरी विचारलं," ती म्हणाली.

सीताफळ वाळायला ठेवलं. सासूबाईंनी साठ रुपये मोजून दिले. मग पिशवीतून करदंटचा अख्खा डबा काढून तिच्या हातात दिला. "तगोवा, तिन्नु. पोरगी किती वाळलीय!" करदंटचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. वीस रुपये वाचवून अर्धा किलो करदंट दिलेला हा व्यवहार आमच्या कॉलेजच्या कॉमर्स विभागालाही समजावून सांगता यायचा नाही.

मी मात्र एक कासव घेतलं आणि पत्त्यांविषयी म्हणालो, "विचार करून सांगतो." विकणारा माणूस हे वाक्य ओळखतो. ती म्हणाली, "हो हो, सावकाश." घाट चढताना कुणी फारसं बोललं नाही. बरीच वर्षं मी विनाअनुदानित तुकडीवर काढली आहेत, छत्तीसशे रुपये मला अजूनही मोठे वाटतात, त्याची लाज नाही. लाज वाटली ती वेगळ्याची. नको असलेल्या वस्तूचे दोनशे नव्याण्णव मी एका बोटाने दिले होते, आणि हवी असलेली वस्तू समोर असताना मला विचार करावासा वाटला.

घरी आईने पोळपाट फरशीवर ठेवून दाबून पाहिला. डुगडुगला नाही. "दोनशे ऐंशी? माझा वीस रुपयांचा होता," म्हणाली. सीताफळ तिने खिडकीजवळ नेऊन उलटंसुलटं केलं. सावंतवाडीत काय कळलं ते मी सांगितलं. रंग तीनदा दिलाय हे ऐकल्यावर ती जराशी ओशाळली. 1980 च्या आसपास कधीतरी तिनेच शहापुरातल्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडून ते गडद हिरवं करून घेतलं होतं, चार रुपयांत. म्हणजे सीताफळ तिचंच, असं मी म्हणणार, तेवढ्यात ती स्वतःच म्हणाली, "पण ते सीताफळ होतं की रामफळ, आता आठवत नाही रे." मी विषय वाढवला नाही.

जानेवारीत लेकीने त्या मुलीला निरोप पाठवला. तो संच हैदराबादला गेला होता. दुसरा करून देते, पण घाई चालणार नाही, निम्मे पैसे आगाऊ. सौ.ने भिशीतून हजार काढले, बाकी माझे. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी गोकाकहून पाचशे पाठवले आणि वर बजावलं, "किंमत कमी करून घेतली की नाही?" पार्सल आलं 2025 च्या जुलैत, भर पावसात, प्लॅस्टिकच्या तीन थरांत गुंडाळलेलं. उघडलं तर चिंचोक्याचा मंद वास.

गौरीला परडी मांडली. सीताफळ मध्ये, आणि त्याला टेकून आजीचा पत्ता. आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "ही नऊवारी नेसलीय, अगदी माझ्या आईसारखी." सासूबाईंनी पत्ता तिच्या हातातून घेतला, दिव्याजवळ धरला आणि पदरावर बोट ठेवलं.

"बघा की नीट. इलकल आहे."